न वाजलेल्या खांबाची कबुली

मित्रांनो, लातूरच्या ट्यूशन एरियात एका मोठ्या क्लासच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांच्या सायकली, आणि मधोमध एक लोखंडी खांब. खांबाच्या डोक्यावर गोल कडं, त्या कड्यापासून लोंबणाऱ्या बारा साखळ्या आणि कमरेला जाळीची टोपली. तो खांब म्हणजे मी. गेल्या वर्षापर्यंत मी तिथेच उभा होतो. मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझा गंजच ते सांगतो.

माझ्या टोपलीत आजवर चहाचे रिकामे कप पडले, फाडलेल्या उत्तरपत्रिकांचे बोळे पडले, एकदा तर कुणाचा तरी डबाही राहून गेला. कुणाला मी पाखरांना दाणे टाकायचं स्टँड वाटलो, कुणाला कपडे वाळत घालायची सोय. मुलाला क्लासला सोडायला आलेल्या एका गृहस्थांनी तर छातीठोकपणे सांगितलं, की हा भूकंप मोजायचा खांब आहे. मी सगळं ऐकून घेतलं. तो अपमान किरकोळ होता. माझी शरम वेगळी आहे, आणि ती सांगून टाकावी म्हणूनच आज तोंड उघडलं आहे. माझ्याकडे सांगण्यासारखी थोरवी थोडी आहे, कबुलीच जास्त आहे.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती आणि उघड्यावर पडलेल्या माणसांसाठी पत्र्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. मी त्यातल्या एका शेडचा खांब झालो. मला उभं करणारा वेल्डर म्हणजे लातूरचा मकसूद. तेव्हा तो विशीतला होता आणि नुकताच उस्तादाच्या हाताखालून मोकळा झाला होता. स्वतःच्या जबाबदारीवर त्याने मारलेला पहिला जोड माझ्या अंगावर आहे. थोडा जाडा आहे, पण अजून हललेला नाही.

त्या शेडमध्ये साखराबाई नावाची बाई दोन नातवंडांना घेऊन राहायची. त्या दिवसांत जमीन मधूनच थरथरायची, त्यामुळे लोकांनी एक युक्ती काढली होती. छताला, खांबाला काहीतरी टांगून ठेवायचं. ते वाजलं की लेकरं उचलायची आणि बाहेर पळायचं. साखराबाईने माझ्या डोक्याला बैलाची साखळी लावली आणि साखळीला तांब्या बांधला. मी मोठ्या इमानाने वाजायचो. पण जमीन हलली की वाजायचो तसाच वारा आला तरी वाजायचो. दिवसातून दहादा शेडमधल्या माणसांची सगळी ओळ बाहेर धावायची आणि आभाळाकडे बघून परत आत जायची.

एक दिवस मकसूद पत्रे ठोकायला आला, तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, एवढा तांब्या गप कर बाबा. हलली जमीन तर हलू दे. माझी पोरं झोपायची राह्यलीत."

मकसूदने सळया बांधायची बारीक तार घेतली आणि साखळी माझ्या अंगाला आवळून टाकली. तो डावखुरा आहे, त्यामुळे त्याचा पीळ इतरांच्या उलटा पडतो. शिवाय तारेचं टोक त्याने आत वळवून दाबलं, कारण खांबाभोवती लेकरं खेळत होती आणि त्यांच्या हाताला ओरखडे उठले असते. त्या दुपारी साखराबाईची नातवंडं गाढ झोपली. तिने मकसूदला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिला. त्या दिवशी आम्ही दोघं एक गोष्ट शिकलो, की साखळी वाजण्यासाठी असते आणि ती बांधली की माणसांना सुख लागतं. मित्रांनो, तो धडा त्या दिवसापुरता खरा होता. आम्ही तो जन्मभरासाठी पाठ केला, तिथे चुकलो.

पुढे लोकांना पक्की घरं मिळाली आणि शेड उतरवली गेली. मकसूदने मला मागून घेतलं आणि लातूरच्या आपल्या दुकानात आणलं. तोवर शहराचं रूप बदलत चाललं होतं. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला शिरूर अनंतपाळपासून ते पार उमरी-बिलोलीपर्यंतची मुलं लातुरात येऊ लागली. गल्लोगल्ली क्लास निघाले, क्लासला लागून होस्टेलं निघाली आणि होस्टेलांना दोनमजली लोखंडी कॉट लागू लागले. मकसूदला मान वर करायला फुरसत नसे. मी वीस वर्षं कोपऱ्यात टेकून होतो. माझ्यावर तो टॉवेल अडकवी. भंगारवाला आला की मकसूद माझ्यासमोर येऊन उभा राही आणि म्हणे, "हे नाही द्यायचं. ह्याच्यावर माझा पयला जोड हाय."

त्याची आणखी एक खूण सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. मकसूदची पक्कड कायम त्याच्या पँटच्या मागच्या खिशात असे. जेवताना असे, लग्नाला गेला तरी असे. त्याची बायको शहजादी दर महिन्याला तो एकच खिसा पुन्हा शिवायची आणि प्रत्येक टाक्याला बोलायची.

माझा दुसरा जन्म सुदर्शन सरांमुळे झाला. ते शाळेत खेळ शिकवायचे. बंगळूरला एका शिबिराला गेले आणि तिथून डिस्क गोल्फ नावाचा खेळ डोक्यात भरून आणि पाच तबकड्या पिशवीत घालून परतले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि मोबाइल मकसूदच्या नाकासमोर धरला.

"मकसूदभाई, असा एक खांब पाहिजे."

मकसूदने बराच वेळ फोटो पाहिला. "बकऱ्याला चारा टाकायचा हाय का?"

"खेळ हाय हो. ठरल्या जागेवरून ही तबकडी फेकायची. पडंल तिथं जायाचं, तिथून पुन्हा फेकायची. ज्याची कमी फेकीत टोपलीत गेली, तो जिंकला. तिकडं परदेशात लोकं हे खेळून पोट भरून राहिलेत. प्रोफेशनल म्हणतात त्याला."

"तबकडी फेकून पोट भरतंय?"

"चेंडू फेकून भरतंय, तर तबकडी फेकून का भरू नये?"

मकसूदला हे पटलं. त्याने कोपऱ्यातून मला ओढलं, पुसलं, माझ्या डोक्यावर कडं चढवलं, कमरेला टोपली बसवली आणि बारा साखळ्या लावल्या. मी वीस वर्षांनी पुन्हा ताठ उभा राहिलो. त्या वेळी सर मकसूदची मुलगी लायबा हिला साखळ्यांचं काम समजावून सांगत होते. तबकडी जोरात येते, मोकळी साखळी हलते आणि तो जोर गिळून टाकते, मग तबकडी अलगद टोपलीत पडते. आवाज ही नुसती वरची गोष्ट. लायबाने नीट ऐकलं. मकसूद तीन हातांवर होता, पण त्याचं ग्राइंडर चालू होतं. त्याच्या कानावर त्यातलं अक्षरही पडलं नाही.

लायबा तेव्हा दहावी संपवून अकरावीत गेली होती. तिने सहज म्हणून पंधरा पावलांवरून पहिली तबकडी फेकली आणि ती खळ्‌कन माझ्यात शिरली. मला आयुष्यात कुणी फुलं वाहिली नाहीत, पण त्या क्षणी कसं वाटत असेल ते कळलं. सरांनी आणखी चार तबकड्या तिच्या हातात दिल्या. पाचातल्या चार मी झेलल्या. सर दुकानातल्या कॉटवर मटकन बसले.

आता तुम्हाला वाटेल, खेळ आला, खांब आला, खेळणारी आली, झालं. पण नवा खेळ गावात रुजवणं म्हणजे दारोदार जाऊन नको असलेली वस्तू विकण्यासारखं असतं. शाळेचं मैदान क्रिकेटवाल्यांनी सोडलं नाही. बागेवाले म्हणाले, झाडांना लागेल. सरांनी पत्रकं वाटली, तर लोकांना वाटलं गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, गाडी असल्याशिवाय खेळता येत नाही. शेवटी क्लासचे मालक संगप्पा सर यांनी आपल्या इमारतीमागची मोकळी जागा दिली. ते मनाने चांगले गृहस्थ होते. पोरांचं डोकं जरा मोकळं होईल, म्हणाले.

पहिल्या आठवड्यात बारा मुलं आली. उदगीरहून आलेले एका मुलाचे वडील शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी सरांना विचारलं, "ह्याचे दहावी-बारावीला मार्क किती मिळतात?"

"अजून सरकारच्या यादीत न्हाई हा खेळ. येईल."

"येईल तवा बघू," असं म्हणत त्यांनी मुलाच्या पाठीवर दप्तर चढवलं. ते चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी मुलाला घरापासून लांब ठेवलं होतं ते तबकडी फेकायला नव्हे. महिन्याभरात बाराचे तीन झाले आणि दिवाळीनंतर एकटी लायबा उरली. ती रोज सकाळी क्लास भरायच्या आधी यायची आणि शंभर फेकी मोजून फेकायची. साखळ्यांचा खळखळाट ऐकून कडुनिंबावरच्या साळुंक्या उडायच्या आणि थोड्या वेळाने परत येऊन बसायच्या.

मग हैदराबादच्या स्पर्धेचं पत्रक आलं. देशभरातले खेळाडू येणार होते आणि तिथे नाव झालं तर पुढचा रस्ता खुला होणार होता. लायबाला जायचं होतं. शहजादीने रागावून नाही, पण स्वच्छ सांगितलं, "साहेबानं कागदावर लिहून दिलं की हा खेळ हाय, तर जा हैदराबादला. नसता तबकड्या माळ्यावर, अन् तू ट्यूशनला."

असा कागद देणारे जिल्ह्याच्या क्रीडा खात्यात एक अधिकारी होते. सरांनी सहा खेपा घातल्यावर त्यांनी रविवारी सकाळी दहाला येऊन खेळ बघायचं कबूल केलं. त्यांना खेळ पटला असता, तर त्यांनी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांसाठी त्याची शिफारस लिहिली असती आणि बागेत माझ्यासारखे नऊ खांब रोवायची परवानगी मिळाली असती. लायबाचा कागदही त्यातच होता. सगळं पाच फेकींवर येऊन ठेपलं होतं, आणि त्या पाचही फेकी मी झेलायच्या होत्या.

शनिवारी मकसूद क्लासच्या होस्टेलवर कॉट पोचवायला गेला, तेव्हा संगप्पा सर त्याला जिन्यात भेटले.

"मकसूदभाई, उद्या पोरांची मोठी टेस्ट हाय. तुमच्या त्या खांबाचा लई खळखळाट होतो. तेवढं बघा की जरा."

"हाव सर, बघतो," मकसूद म्हणाला.

संगप्पा सरांनी खांब काढायला सांगितलं नव्हतं, खेळ थांबवायलाही सांगितलं नव्हतं. मकसूदने संगप्पा सरांचं आणि लायबाचं, दोघांचंही मन राखायचं ठरवलं. रविवारी पहाटेची, फजरची नमाज झाल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. मागच्या खिशातून पक्कड काढली आणि बारीक तारेच्या बारा तुकड्यांनी एकेक साखळी दुसरीला आणि सगळ्या मिळून माझ्या अंगाला आवळल्या. पीळ उलटा, टोक आत वळवलेलं. दहा पावलांवरून बघणाऱ्याला तार आहे हे कळलंसुद्धा नसतं. मग त्याने मला हलवून पाहिलं. मी वाजलो नाही. तो समाधानाने हसला. मला वाटतं, त्याला साखराबाईची झोपलेली नातवंडं आठवली असावीत. मला तर आठवलीच. मित्रांनो, खोटं का बोलू, मलाही त्या वेळी बरंच वाटलं.

लायबाला किंवा सरांना सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. सांगण्याजोगं त्यात काय होतं? आवाजच तर बंद केला होता.

अधिकारी वेळेवर आले. सोबत फाइल होती. "थाळीफेक का?" त्यांनी विचारलं. सरांनी उत्साहाने सगळं समजावलं आणि त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. टेस्ट असल्यामुळे सगळे हळू आवाजात बोलत होते. मकसूद स्वच्छ शर्ट घालून कडुनिंबाखाली उभा होता. टेस्टमुळे लायबाने त्या सकाळी सराव केला नव्हता, ती थेट पंधरा पावलांवर जाऊन उभी राहिली.

पहिली तबकडी नेमकी मधोमध आली. रोज यायची तशीच. मी झेलायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की मला हलताच येत नाही. तबकडी ठक्‌ करून माझ्यावर आपटली आणि चार हात मागे जाऊन पडली. दुसरी आली, तीही मी थुंकून टाकली. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिसरी तिने आणखी जपून फेकली. ती माझ्या काठाला लागून मातीत घरंगळत गेली.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. "धीर धर बेटा," मकसूद हळूच म्हणाला. त्याला अजूनही वाटत होतं, पोरगी घाबरली आहे.

लायबा तबकड्या उचलायला माझ्याजवळ आली. तिने साखळीला हात लावला, आणि तिचं बोट तारेच्या त्या आत वळवलेल्या टोकावर थांबलं. तिने पीळ पाहिला. लातुरात बारीक तार बांधणारे शेकडो हात असतील, पण असा उलटा पीळ देऊन, कुणाला लागू नये म्हणून टोक आत दाबणारा हात तिने लहानपणापासून एकच पाहिला होता. तिचा चेहरा मी इतक्या जवळून बघितला, की तो आजही विसरता येत नाही.

तेवढ्यात सरही आले. त्यांनी साखळी ओढून पाहिली. ती हलली नाही.

"हे कुणी बांधलं?"

आता मकसूदला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. अधिकारी होते, संगप्पा सर खाली येऊन उभे होते, क्लासची दोन माणसं होती, आणि सगळे त्याला मानत होते.

"मी बांधलं, सर," लायबा म्हणाली. "टेस्ट हाय ना. आवाज नको म्हणून."

"तू?" सरांचा आवाज चढला. "एवढं शिकवलं तुला, साखळी कशासाठी असते ते पयल्या दिवशी सांगितलं, अन् आज बांधून ठेवलीस? माझ्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी वतलंस."

ती मान खाली घालून उभी राहिली.

अधिकारी भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "सोडा तार. मी थांबतो पाच मिनिटं. मला पुढं औशाला जायचंय." सर माझ्याशी झटू लागले. नखाने, किल्लीने, दाताने. ती तार तशी सुटणारी नव्हती. मकसूदचं काम कधी कच्चं नसतं. सरांनी वळून मोठ्याने विचारलं, "पक्कड हाय का हो कुणापाशी?"

मित्रांनो, पक्कड होती. सकाळी मला बांधून झाल्यावर मकसूदने ती कुठे ठेवली ते मी पाहिलं होतं. तो हात मागे बांधून उभा होता आणि त्याच्या पंजाखाली ती होती. ती काढायची म्हणजे सगळ्यांसमोर म्हणायचं, की पोरगी खोटं बोलली, हे मी केलं. बारा तारा तोडायला दोन मिनिटं लागली असती. त्याने हात हलवला नाही. लायबाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती कडुनिंबाकडे बघत राहिली.

क्लासच्या एका माणसाने आत जाऊन शोधाशोध केली आणि कात्री घेऊन आला. कात्रीने तार तुटली नाही. पाच मिनिटं संपली. अधिकाऱ्यांनी फाइल बंद केली.

"खेळ चांगला दिसतो, सर. पण साधनच धड नसेल, तर मी कागदावर काय लिहू? पुढच्या वर्षी बघू."

साधनच धड नाही. ते माझ्याबद्दल बोलत होते, आणि माझ्याबद्दल कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. मी वेळेला कामी आलो नाही. ज्या मुलीने मला हजारो वेळा वाजवलं, तिच्या तीन फेकींपैकी एकही मी ठेवून घेतली नाही. मला बांधलं होतं हे खरं, पण बांधताना मला सुख वाटलं होतं, हेही खरं.

लायबाने त्याच दुपारी तबकड्या माळ्यावर टाकल्या. जूनमध्ये सुदर्शन सरांची संस्थेच्या बिलोलीच्या शाळेत बदली झाली. जाताना ते मला बघायलाही आले नाहीत, आणि लायबाशीही फारसं बोलले नाहीत. ती मग दोन वर्षं याच क्लासला आली. दररोज माझ्यासमोरून जायची. मेडिकलला नंबर लागला नाही, मग तिने विज्ञान घेतलं, बीएड केलं आणि नांदेडच्या एका शाळेत बाई म्हणून लागली.

मकसूद एकदाच आला. पावसाळ्याच्या तोंडावर, भरदुपारी. माझ्यासमोर उभा राहिला आणि मागच्या खिशाकडे हात नेला. तेवढ्यात क्लास सुटला आणि मुलांचा लोंढा बाहेर आला. त्याने हात काढून घेतला आणि सायकली मोजत असल्यासारखं करून निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं मी तसाच बांधलेला उभा होतो. तारा गंजल्या, साखळ्या गंजल्या, दोन्हींचा रंग एक झाला. मुलं माझ्यात कप टाकायची आणि मी ते सगळे नीट ठेवून घ्यायचो. कप झेलायला साखळी लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक टेम्पो आला. त्यातून लायबा उतरली आणि तिच्यामागे पांढऱ्या केसांचे सुदर्शन सर. तिच्या शाळेने मागची पडीक पट्टी खेळाला दिली होती. तिने सरांना बिलोलीहून शोधून आणलं होतं आणि आता ती मला न्यायला आली होती. संगप्पा सरांनी आनंदाने हो म्हटलं. मला उपटायचं म्हणजे मकसूद पाहिजेच, म्हणून त्याला बोलावणं गेलं. तो आला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, चाल मंदावलेली. माझ्याकडे न बघता त्याने माझ्या बुडाची माती उकरायला घेतली.

लायबा माझ्याभोवती एक चक्कर फिरली. गंजलेल्या तारेवर तिने बोट ठेवलं. घरात बापलेक दखनी उर्दू बोलतात, पण सर उभे होते म्हणून ती मराठीत म्हणाली, "अब्बा, पक्कड द्या."

मकसूद खालीच बघत म्हणाला, "दुकानात राह्यली, बेटा. आणतो मी."

"खिशात हाय, अब्बा."

तिचा आवाज शांत होता. रागही नव्हता त्यात. मकसूद गुडघ्यावर हात टेकून उठला. नऊ वर्षं पकडीचं जे गुपित तो आपलं एकट्याचं समजत होता, ते तिला त्या दिवसापासूनच माहीत होतं. तरी ती रोज त्याच्यासमोर जेवायला बसली होती, ईदला त्याच्या हातची ईदी घेतली होती. त्याने खिशातून पक्कड काढली.

मग तो सरांकडे वळला. "सर, त्या दिवशीबी खिशातच होती. बांधलं मी. पोरीनं माझ्यापायी बोलून घेतलं तुमचं. मी गप बसलो."

सर लायबाजवळ गेले. म्हणाले, "पोरी, मी तुला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. एवढी वर्षं राग धरून राह्यलो तुझ्यावर."

"जाऊ द्या, सर," ती म्हणाली आणि पाठ फिरवून कडुनिंबाकडे बघू लागली.

बारा तारा मकसूदनेच तोडल्या. दिसत नव्हतं, तरी बोटाने चाचपून एकेक टोक शोधलं. शेवटची तार तुटली आणि माझ्या साखळ्या सुटून एकमेकींवर आदळल्या. गंजामुळे आवाज भसाडा निघाला. वरच्या मजल्यावर तास चालू होता, खिडकीत दोन-चार चेहरे आले. तोडलेल्या तारा मकसूदने गोळा करून पकडीसोबत खिशात ठेवल्या.

आता मी नांदेडला आहे. इथेही पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलंच, की बकऱ्या कुठे आहेत. खेळ अजून यादीत आलेला नाही. मुलं मात्र अकरा आहेत, आणि त्यांना खेळ दाखवायला पहिली फेक लायबाने टाकली. मकसूद त्या दिवशी खास लातूरहून आला होता. त्याला पंधरा पावलांवरचं धड दिसत नाही. त्याने साखळ्यांवरून बोट फिरवून सगळ्या मोकळ्या आहेत ना ते तपासलं, आणि बाजूला होऊन कान देऊन उभा राहिला. मी तबकडी झेलली आणि वाजलो. त्याला कळलं.

मित्रांनो, माझ्या अंगावर तेल-रंग द्या, पावसात उभं करू नका, टोपलीत कप टाकू नका, हे मी तुमच्याकडे मागायला हवं. खांबांनी असंच मागायचं असतं. पण माझं मागणं दुसरं आहे. चूक माझ्याकडून झाली, मकसूदकडूनही झाली. चूक होते. पण त्यानंतर कुणीतरी सगळ्यांसमोर विचारतं, पक्कड आहे का कुणापाशी. तेव्हा ती तुमच्या खिशात असेल, तर मागे हात बांधून उभे राहू नका. दोन मिनिटांचं काम असतं. आम्ही त्याला नऊ वर्षं लावली, आणि तेवढ्या वर्षांत ती मुलगी सोळाची पंचवीस झाली.